१४४०पी मॉनिटर, जुनं ग्राफिक्स कार्ड : माझा अनुभव

सत्तावीस इंची १४४०पी (उभ्या दिशेने १४४० पिक्सेलांचा) मॉनिटर घेतला, तेव्हा कार्ड जुनंच ठेवायचं ठरलं होतं: जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबीचं. दोन्ही एकदम घेणं खिशाला झेपणारं नव्हतं.

‘सायबरपंक २०७७’ हा गेम सुरू केला. १०८०पीवर एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) साठीच्या आसपास असायचा, तो थेट चाळिशीच्या खाली आला. हिशेब सरळ आहे. १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, २५६० × १४४० म्हणजे ३६.९ लाख. प्रत्येक फ्रेमला कार्डाचं काम जवळपास पावणेदोन पट.

मग गेममध्ये १०८०पी निवडलं. वेग परत आला, पण चित्र धूसर झालं. आडवा आणि उभा, दोन्हीकडे एक पिक्सेल १.३३ पिक्सेलांत पसरवायचा म्हटल्यावर कडांचे रंग एकमेकांत मिसळणारच. मिशनचा मजकूर, नकाशावरची बारीक अक्षरं वाचताना डोळे ताणावे लागायचे. नवा मॉनिटर घेऊन हे बघायचं, हे मला अजिबात पटेना.

नेमकं अडतंय कुठे ते बघायला आफ्टरबर्नर (कार्डावर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला. १४४०पीवर कार्डाचा वापर ९९ टक्के. मुद्दाम ७२०पीपर्यंत उतरलो, तर गेममधल्या जपानटाउनच्या गर्दीत एफपीएस एका आकड्यापुढे हलेचना आणि कार्ड मात्र निम्मं रिकामं. तिथे दमला होता प्रोसेसर. रस्त्यावरची माणसं, गाड्या, त्यांच्या हालचाली यांचं गणित त्याच्याकडे असतं आणि स्क्रीन लहान केली म्हणून ते कमी होत नाही. त्यामुळे कुणी विचारलं तर मी आधी कार्डाच्या वापराचा आकडा बघायला सांगतो. तो शंभर टक्क्यांच्या जवळ नसेल, तर रिझोल्यूशन उतरवून हाती फारसं काही लागत नाही.

माझ्याकडे १४४०पीला कार्डच अडत होतं, म्हणून एफएसआर (कमी पिक्सेलांत काढलेलं चित्र मोठं करून देणारं तंत्र) वापरलं. डीएलएसएस या तशाच तंत्राला एनव्हिडियाचं आरटीएक्स मालिकेतलं कार्ड लागतं, एफएसआरला (तिसऱ्या आवृत्तीपर्यंत) तशी अट नाही. ‘क्वालिटी’वर गेम आतून साधारण १७०७ × ९६० ला रेंडर होतो, म्हणजे चित्र तेवढ्याच पिक्सेलांत काढलं जातं, आणि मग १४४०पीपर्यंत वाढवला जातो. अक्षरं आणि नकाशा मात्र पूर्ण १४४०पीवरच उमटतात, म्हणून वाचायला सुरेख! सोबत रिफ्लेक्शन आणि धुक्याची सेटिंग्ज खाली आणली. आता एफपीएस पन्नाशीत असतो. जाळीच्या कुंपणाजवळून गाडी नेली की तारा थोड्या लुकलुकतात, तेवढं मला चालतं.