समई आणि काडतुसाची पुंगळी

चवथ जवळ आली, म्हणून आज फोंड्याच्या घरी समया काढल्या. आई आमसुलं चोळत होती, मी राखेने पुसत होतो. तेवढ्यात अमेरिकेतल्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल. तोही पितळच घासत होता! काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, पुन्हा दारू भरायला. मक्याच्या कणसाच्या भुशात मशीनवर फिरवतो म्हणे. आतली थोडी काजळी चालते, बाहेरची रेती मात्र पुंगळी पुन्हा आकारात आणणाऱ्या साच्याला ओरखडे काढते. आणि अमोनियाचं पॉलिश अजिबात नको! इंग्रजांच्या काळी पावसाळ्यात पागेत ठेवलेली काडतुसं घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने तडकायची. खरं कारण कळलं १९२१ साली. आई म्हणाली, "म्हणून तर मी बाटलीतलं काही आणत नाही." (म्हणून नव्हे, महाग म्हणून.) समईच्या मानेतला हिरवा कळंक अजून तसाच आहे.