फेरीसायनाइडसाठी माझ्या चार फेऱ्या

पोटॅशियम फेरीसायनाइडची अर्धा किलोची बाटली पुण्यात मिळवायला मला पाच आठवडे लागले, आणि मिळाली तेव्हा ती चुकीची निघाली. या गोष्टीला आता वर्ष होत आले, तरी ती सांगताना माझा आवाज अजूनही चढतो.

हे रसायन मला पिनहोल कॅमेऱ्याने, म्हणजे भिंगाऐवजी बारीक भोक असलेल्या डब्याने, घेतलेले चित्र निळ्या रंगात छापायला हवे होते. बाकीचे काम सोपे होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला आतून काळा रंग दिला आणि शीतपेयाच्या कॅनमधून कापलेल्या पत्र्याच्या तुकड्याला दहा नंबरच्या सुईने भोक पाडून ते पॉलिश पेपरने घासले. डब्याची खोली 100 मिलिमीटर असल्यामुळे भोक सुमारे 0.4 मिलिमीटरचे हवे होते. ते मोजण्यासाठी पत्रा स्कॅनरवर 1200 डीपीआयला (म्हणजे इंचाला 1200 बिंदू) स्कॅन करून भोकाच्या व्यासात किती पिक्सेल बसतात ते पाहावे. एकोणीस बसले की झाले. आत फिल्मऐवजी छपाईचा फोटो कागद लावून पर्वतीच्या पायऱ्यांचे पहिले चित्र घेतले. भर उन्हात मिनिटभर भोक उघडे ठेवले होते, त्यामुळे चढणारी-उतरणारी सगळी माणसे चित्रातून नाहीशी झाली आणि हलली नाही ती फुलांच्या टोपलीमागे बसलेली बाई तेवढी उरली.

हे चित्र मला सायनोटाइपने, म्हणजे निळ्या छपाईने, हातकागदावर उतरवायचे होते. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेली ही पद्धत पुढे इंजिनिअरांच्या नकाशांच्या ब्लूप्रिंटसाठी जगभर वापरली गेली. तिला दोनच रसायने लागतात. फेरिक अमोनियम सायट्रेट (ते हिरवे घ्यावे, तपकिरी नको) मला एका दिवसात मिळाले. दुसऱ्याच्या नावात ‘सायनाइड’ ही अक्षरे होती आणि काउंटरवरील गृहस्थांचे बोट माझ्या चिठ्ठीवर नेमके तिथेच थांबले.

‘‘हे व्यक्तीला देत नाही, मॅडम. संस्थेचे लेटरहेड आणा.’’ यातले सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेले असते, तीव्र आम्लात टाकले किंवा तापवले तरच त्यापासून विषारी वायूचा धोका असतो आणि मी यातले काहीही करणार नाही, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. ‘‘ते बरोबर असेल, पण आम्हांला कागद लागतो,’’ असे उत्तर मिळाले. ही पहिली फेरी.

माझी संस्था नाही. मी एका खोलीत एकटी काम करते. त्या खोलीचा पत्ता घालून मी लेटरहेड छापून घेतले आणि दुसऱ्या फेरीत ते पुढे केले, तेव्हा अंतिम वापराच्या हमीपत्राचा छापील नमुना हातात पडला. त्यात ‘उत्पादन प्रक्रिया’ असा रकाना होता. मी लिहिले, ‘कागदावर लेपन, उन्हात ठेवणे, पाण्याने धुणे’. ‘वार्षिक वापर’ या रकान्यात खरे तेच, म्हणजे 50 ग्रॅम, लिहिले होते. सर्वांत लहान बाटली 500 ग्रॅमची असल्यामुळे तो आकडा मला त्यांच्यासमोरच बदलावा लागला. वास्तविक 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम असे हे द्रावण करतात, तेव्हा एवढ्यात पाच लिटर होईल आणि माझ्या हिशेबाने तीन हजारांहून अधिक कागद रंगतील. शेवटी त्यांनी सहीखाली बोट ठेवले. शिक्का नव्हता.

शिक्के करून देणाऱ्याने विचारले, ‘‘पदनाम काय टाकू?’’ मी चित्रकार म्हणाले. त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले आणि ‘प्रोप्रायटर’ टाका, म्हणजे कुठे अडणार नाही, असा सल्ला दिला. तिसऱ्या फेरीत अर्ज दाखल झाला. परंतु मंजुरीची सही करणारे साहेब फक्त शनिवारी येत, आणि लागोपाठ तीन शनिवार ते आले नाहीत. मधल्या काळात दुकानात फोन केला की ‘‘प्रोसेसमध्ये आहे’’ हे एकच वाक्य ऐकू येई. सायट्रेटचे द्रावण मी उत्साहाच्या भरात आधीच करून ठेवले होते. पावसाळी हवेत त्यावर बुरशीचा पांढरा थर आला आणि ते ओतून द्यावे लागले. दुसरी बाटली प्रत्यक्ष हातात येईपर्यंत पहिली भिजवू नये.

चौथ्या फेरीत बाटली मिळाली. त्या रात्री पडदे ओढून, पंधरा वॅटच्या पिवळ्या दिव्याखाली मी ती उघडली, तर आतले खडे फिकट पिवळे होते. ते माणकासारखे लाल असायला हवेत हे मी वाचलेले होते, तरी इतक्या दिवसांनी मिळालेल्या वस्तूवर संशय घेण्याची माझी तयारी नव्हती. दोन्ही द्रावणे एकत्र करताच वाटीत गडद निळा चोथा झाला. सूर्य उगवायला अजून आठ तास होते आणि माझा निळा रंग तयारही झाला होता! लेबल वाचले: पोटॅशियम फेरोसायनाइड. फेरी आणि फेरो यांत फरक एका मात्रेचा असला, तरी फेरो हे फेरिक क्षाराला भेटताक्षणीच निळे होते, तर फेरी उन्हाची वाट पाहते, आणि सगळी छपाई त्या वाट पाहण्यावरच उभी आहे. अर्जात नाव त्यांनी टाइप केले होते. न वाचता सही मात्र मी केली होती. रसायन परत घेत नाही, हे त्यांनी फोनवर अत्यंत नम्रपणे सांगितले.

म्हणून मागणी नोंदवताना नावाबरोबर सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहावा. फेरीचा क्रमांक 13746-66-2 आहे, आणि बाटली पैसे देण्यापूर्वी उजेडात धरून पाहावी.

पुढच्या आठवड्यात एका कामासाठी मुंबईला गेले असता प्रिन्सेस स्ट्रीटवर, ओळखपत्राची प्रत घेऊन, 100 ग्रॅम लाल खडे मला वीस मिनिटांत मिळाले. शिक्का पर्समध्येच राहिला.

पहिला कागद धुताना आणखी एक खोट कळली. आमच्या इमारतीला बोअरचे पाणी आहे आणि हा निळा रंग अल्कली सहन करत नाही. गडद भाग डोळ्यांदेखत विटू लागले. पहिल्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक अॅसिड घातल्यावर ते थांबले. दुसरा कागद उन्हात बारा मिनिटे ठेवला. हिरवट पिवळा लेप राखाडी झाला, पाण्यात पिवळे वाहून गेले, पायऱ्यांच्या कडा एकेक करून वर आल्या आणि सर्वांत शेवटी टोपलीमागची बाई दिसू लागली. दोरीवर वाळत असताना निळा रंग रात्रीपर्यंत गडद होत गेला.

पिवळ्या खड्यांची ती बाटली, जवळजवळ अर्धा किलो, अजून माझ्या फळीवर आहे. तिच्यावर मी मोठ्या अक्षरांत ‘फेरो’ लिहून ठेवले आहे.