तीन महिन्यांचं इंजेक्शन : माझा अनुभव

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय हे कळल्यावर डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. छोटं ऑपरेशन करून वृषणं काढून टाकायची, म्हणजे खर्च एकदाच; नाहीतर ठरावीक अंतराने ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन घेत राहायचं. हेतू एकच, टेस्टोस्टेरॉन तळाला नेणं, कारण या आजाराच्या पेशी त्यावर पोसतात. ऑपरेशन स्वस्त पडतं, पण माझं मन घेईना. इंजेक्शन ठरलं.

त्याआधी काही दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या. इंजेक्शनातलं औषध मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला एकसारखं हाका मारत राहतं. ती आधी जोरात ओ देते आणि मग कंटाळून गप्प बसते. म्हणजे टेस्टोस्टेरॉन आधी वाढतं, मगच उतरतं. त्या चढात हाडांचं दुखणं उसळू नये म्हणून गोळ्या. हे कुणी सांगितलेलं नसलं तर माणूस पहिल्या आठवड्यातच हबकतो.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे डब्यातलं माहितीपत्रक चष्मा पुसून पुसून वाचलं. सुरुवातीला महिन्याचं इंजेक्शन होतं. त्यातली पांढरी पूड म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या लांब साखळ्यांचे अतिसूक्ष्म गोळे, आणि त्यांत अडकवलेलं औषध. लॅक्टिक आम्ल दह्यात असतं, ग्लायकोलिक उसात; आमच्या कराड भागात दोन्हींना तोटा नाही! स्नायूत गेल्यावर पाणी या साखळ्या हळूहळू तोडतं, औषध सुटत जातं आणि उरलेली आम्लं शरीर पचवून टाकतं. ग्लायकोलिकमुळे पाणी लवकर शिरतं, साखळी लवकर तुटते. पुढे तीन महिन्यांचं इंजेक्शन सुरू झालं, तर त्याच्या डब्यावर ग्लायकोलिकचं नाव नाही, नुसतं पॉलिलॅक्टिक आम्ल. हिशेब जुळला आणि मी एकटाच खूश. जखमेचे विरघळणारे टाके याच घराण्यातले.

१९८५ साली अमेरिकेत हे औषध मंजूर झालं तेव्हा ते रोज टोचून घ्यावं लागे. जपानच्या ताकेदा कंपनीने ते अशा सूक्ष्म कणांत बसवलं आणि १९८९ पासून अमेरिकेत महिन्याचं इंजेक्शन मिळू लागलं.

टोचण्याच्या वेळी मात्र लक्ष ठेवा. पूड द्रवात विरघळत नाही, नुसती तरंगते आणि थोड्या वेळात खाली बसते. एकदा सिस्टरनी सिरिंज तयार केली आणि त्यांना फोन आला. परत आल्या तोवर पूड तळाला. मी म्हटलं, "सिस्टर, परत एकदा हलवून घेता का?" त्या हसल्या. "काका, तुम्हीच शिकवा आता आम्हाला." पण हलवली. सुई नेहमीपेक्षा जाड असते. दुखतं.

महिनाभरात टेस्टोस्टेरॉन खाली आलं, पीएसए (या आजाराचा माग ठेवणारा रक्तातला आकडा) त्यामागोमाग. त्याची किंमत वेगळी. ऐन जानेवारीत पहाटे अंगातून वाफा निघायच्या, पांघरूण फेकून मी उठून बसायचो. बायको कूस न बदलता म्हणाली, "अहो, पन्नाशीत मला व्हायचं तेव्हा पंखा बंद करायला लावायचात, आठवतं का?" शिवाय हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, कॅल्शियम, चालणं आणि रक्त तपासणी मागे लागली.

नातीच्या लशींचं कार्ड बघून वाटायचं, सगळे डोस असेच एकदाच का टोचत नाहीत? धनुर्वाताच्या लशीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात या दिशेने काम करवलं होतं. अडचण अशी की गोळा विरघळताना आत आम्ल साचतं. ल्युप्रोलाइड म्हणजे जेमतेम नऊ अमिनो आम्लांचा तुकडा, तो निभावून नेतो. लशीतलं मोठं प्रथिन शरीराच्या उबेत, ओलाव्यात, आम्लात आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की त्याची घडी मोडते, आणि मग ते असून नसून सारखं.

आता तारीख चुकवत नाही. पाहुणे, लग्नकार्य, काही असो. गोळे संपले की टेस्टोस्टेरॉन पुन्हा डोकं वर काढू शकतं. आमच्या गावात मेडिकलवाले हे इंजेक्शन ठेवत नाहीत, मागवून घ्यावं लागतं. म्हणून आठवडाभर आधीच चिठ्ठी देऊन येतो, आणि आलेला डबा घेताना मुदतीची तारीख आणि 'तीन महिने' हे शब्द दुकानातच वाचून घेतो.