मॅडम, मधली शीर कुठंय?

डिसेंबरातला रविवार. बीएस्सीच्या पोरांना घेऊन फुलपाखरं मोजायला इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात गेले होते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते मी; रविवारचा पगार कुणी देत नाही, पोहे-जिलबी मात्र पोरं आणतात. वर टेकडीवर होळकरांची शिकारगाह, खाली जिकडे तिकडे सागाचा पाचोळा.

पाय टाकला नि एक पान उडालं. वारा नव्हता. चार हातांवर जाऊन ते पाचोळ्यात बसलं आणि गायबच झालं. नेमकी जागा सगळ्यांनी पाहिलेली, तरी कुणाला दिसेना. शेवटी वाकून बघताना एका पानाच्या टोकाला केसाएवढ्या दोन मिशा दिसल्या.

पंख मिटलेले. मातकट रंग, त्यावर बुरशी धरल्यासारखे डाग, कोपरे टोकदार, मागच्या पंखाला देठासारखी इवलीशी शेपटी. माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑरेंज ओकलीफ!" पचमढीच्या बाजूचं हे पाखरू आपल्या इंदुरात मिळावं, ही माझी जुनी हाव. वहीत लिहूनही टाकलं.

मागून रामबागेत राहणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मधली शीर कुठंय?"

ओकलीफ पंख मिटून बसलं की पुढच्या पंखाच्या टोकापासून शेपटीपर्यंत एक सलग गडद रेघ दिसते, थेट पानाची मधली शीर. इथे ती नव्हती. कॅमेऱ्यातून जवळ आणून पाहिलं, तर पंखाच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढे ठिपके ओळीने. म्हणजे कॉमन इव्हिनिंग ब्राऊन! संध्याकाळी परसात, गवतात भिरभिरतं तेच. पावसाळ्यात याच ठिपक्यांच्या जागी डोळ्यांसारखी ठसठशीत वर्तुळं असतात. अळी थंडीत वाढली की ती आटतात आणि पाखरू पाचोळ्याचा रंग घेतं. त्यातही एकासारखं दुसरं नसतं. त्या दिवशी आम्हाला आणखी तीन सापडली: एक राखाडी, एक तांबूस, एक अर्धं जळल्यासारखं.

खरं तर पहिल्यांदा उडालं तेव्हाच मला कळायला हवं होतं. ओकलीफचे पंख आतून निळे, नारिंगी पट्ट्याचे. उडताना तो रंग लपत नाही. इथे उडालं ते नुसतं तपकिरी. हे मी पोरांना तिथे सांगितलं नाही, परतताना गाडीत सांगितलं.

वहीतली नोंद मात्र तिथेच खोडली. जरा जास्तच गिरवून.