उजेड कमी झाला, पण कशामुळे? पेरोव्हस्काइट नॅनोकणांनी तांबं मोजताना

पेरोव्हस्काइटचे, म्हणजे एका ठरावीक रचनेच्या स्फटिकांचे, नॅनोकण तयार करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. नवख्यांना हे पटत नाही. सीझियम लेड ब्रोमाइडचे कण करण्याची रीत झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या मॅक्सिम कोव्हालेन्को यांच्या गटाने 2015 मध्ये प्रसिद्ध केली, आणि थोड्याफार फरकाने मीही तीच वापरली. ऑक्टाडेसीन या द्रावकात लेड ब्रोमाइड, जोडीला ओलेइक ॲसिड आणि ओलिलअमीन. नायट्रोजनखाली साधारण 170 अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं, सीझियम ओलिएट एका दमात आत सोडायचं आणि काही सेकंदांत फ्लास्क बर्फाच्या पाण्यात घालायचा. अतिनील दिव्याखाली धरला की हिरवा उजेड डोळ्यांत भरतो.

मला या कणांनी पाण्यातलं तांबं मोजायचं होतं. तत्त्व सरळ आहे. तांब्याचा द्विसंयुजी आयन कणाच्या पृष्ठभागावर बसला की उत्तेजित इलेक्ट्रॉन त्याच्याकडे वळतो आणि प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा वाटेतच जिरते. तांबं जास्त, उजेड कमी. यालाच क्वेंचिंग म्हणतात, आणि त्याचा आलेख शोधनिबंधांत फार देखणा दिसतो.

पण या कणांचा उजेड कमी व्हायला तांबंच हवं असं कुठे आहे? पाण्याने तो जातो, अल्कोहोलने जातो. नुसतं टोल्युइन (ज्या द्रावकात कण ठेवतात ते) घालून द्रावण पातळ केलं तरी पृष्ठभागावरचे लिगँड, म्हणजे कणांना झाकणारे ओलेइक ॲसिड-ओलिलअमीनचे रेणू, सुटतात आणि चकाकी उतरते. लिगँडची पकड मुळातच सैल असते. म्हणून माझा बहुतेक वेळ तांब्यात गेलाच नाही, तो गेला कोऱ्या, म्हणजे तांबं नसलेल्या, नमुन्यांत. टोल्युइनमध्ये तांबं न्यायला मी कॉपर ओलिएट घेतलं होतं. तेव्हा तेवढंच ओलेइक ॲसिड, पण तांब्याशिवाय, दुसऱ्या क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) घालून पाहणं भाग होतं. उजेड त्यातही थोडा घटला. ही घट वजा केल्यावर उरला तो तांब्याचा वाटा. कॉपर क्लोराइड मी मुद्दाम टाळलं, कारण क्लोराइड ब्रोमाइडची जागा घेतं आणि वर्णपटातलं हिरवं शिखर निळ्याकडे सरकू लागतं. मग घट कुणाच्या खात्यावर टाकायची?

दीप्तीचा आयुकाल, म्हणजे उत्तेजित कण उजेड टाकेपर्यंत लागणारा वेळ, मोजल्यावर चित्र जास्त स्पष्ट झालं. तीव्रता घटली पण आयुकाल तसाच राहिला, तर आयन आधीपासून कणाला चिकटून बसलेला असतो. दोन्ही सारख्या प्रमाणात घटले, तर उत्तेजित अवस्थेत असताना काहीतरी घडतंय. माझ्याकडे दोन्हींचं मिश्रण निघालं; जास्त तांब्याला स्टर्न-व्होल्मर आलेख (मूळ उजेड भागिले उरलेला उजेड, तांब्याच्या प्रमाणासमोर) वर वळत होता, त्याच्याशी हे जुळलं. मी सरळ रेषेचा सुरुवातीचा तुकडाच कॅलिब्रेशनला, म्हणजे उजेडावरून तांबं ठरवायला, ठेवला.

खरी कसोटी पाण्याची. हे स्फटिक आयनिक, पाण्यात टिकत नाहीत. सिलिकाचं किंवा पॉलिस्टायरीनचं आवरण देता येतं, पण जे आवरण पाण्याला अडवतं ते बहुतेकदा तांब्यालाही अडवतं. रेनकोट घालून अंघोळ करण्यासारखं. शेवटी उलट मार्ग धरला: कण पाण्यात न्यायचेच नाहीत, तांबंच वर आणायचं. टोल्युइनमध्ये ओलिलअमीन घालून पाण्याबरोबर जोरात हलवलं की तांबं अमीनशी बांधलं जाऊन वरच्या थरात येतं. तो थर वेगळा काढायचा आणि मग त्यात कण मिसळायचे. कोरा नमुनाही अर्थातच असाच, तांबं नसलेलं पाणी हलवून काढलेला.

ओलिलअमीन तांब्याशी एकनिष्ठ नाही, निकेल आणि कोबाल्टशीही त्याचं जमतं. शिवाय पाण्यातलं थोडं क्लोराइड तांब्याबरोबर वर येतं. सिल्व्हर नायट्रेटने ते आधी खाली बसवण्याचा विचार केला होता, पण उरलेली चांदी म्हणजे आणखी एक आयन! त्यापेक्षा जेवढं क्लोराइड नमुन्यात, तेवढंच प्रमाणित द्रावणांत घालून कॅलिब्रेशन केलं. आता नोंदवहीत प्रत्येक मोजणीपुढे दोन आकडे असतात, शिखराची उंची आणि शिखराची जागा. जागा हलली असेल तर उंचीवरून तांबं सांगायचं नाही, हा माझा नियम.

शोधमर्यादेबद्दल, म्हणजे ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाबद्दल, थोडं तिखट बोलते. कोऱ्या नमुन्याची तीन प्रमाण विचलनं भागिले कॅलिब्रेशन रेषेचा उतार, हे सूत्र सगळेच वापरतात. पण एकच कोरा क्युवेट पुन्हापुन्हा मोजून विचलन काढलं तर आकडा हवा तेवढा लहान येतो. मी वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या घाण्यांतल्या कणांचे कोरे नमुने घेतले आणि मर्यादा चांगलीच वर गेली. जाऊ दे. पिण्याच्या पाण्यातल्या तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. तिथे नॅनोमोलर इतक्या सूक्ष्म मर्यादेचा दिमाख काय कामाचा? निवडकता हवी, म्हणजे फक्त तांब्यालाच ओळखणं.

शिशासाठी हेच मूल्य लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे पटींनी कडक, आणि माझे कण शिशाचे. थर आधी वेगळा काढण्याचा हाही फायदा की तपासायच्या पाण्याला शिसं कधी लागतच नाही. वापरलेलं टोल्युइन मात्र शिशाच्या कचऱ्याच्या डब्यात जातं, आणि डब्यावर तसं लिहिलेलं असतं.