विसाव्याला मन बसत नाही

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या वारीत लोणंद सोडलं की वाट सपाट होते. दिवे घाट मागे पडलेला, जेजुरीचा भंडारा कपड्यांच्या शिवणीत उरलेला, नीरेत पादुकांचं स्नान झालेलं. चांदोबाचा लिंब, तिथलं उभं रिंगण (दुतर्फा दिंड्या, मधून धावणारा माउलींचा अश्व), तरडगाव, फलटण. इथून पुढे वार आठवत नाही, तिथी तेवढी आठवते. सरळ रस्ता, दोन्ही अंगांना ऊस, पुढे दिंड्यांचे ट्रक, मागे दिंड्यांचे ट्रक. पाय चालीला सरावलेले असतात, ते आपोआप पडतात. मनाला मात्र काही काम उरत नाही, आणि माणसाला आराम न मिळण्याचं पहिलं कारण इथे सुरू होतं.

माझं रोजचं काम समुपदेशनाचं. वारीतही लोक विचारतातच. फोड, गोळे, ताप यांसाठी वाटेत दवाखाने उभे असतात. तक्रार येते ती वेगळीच असते: "अंग मोडून आलंय, पण पडलं की डोळा लागत नाही." त्यातला अर्धा भाग शरीराचा आहे, तो आधी सांगतो.

वाटेत पावलापावलावर फुकट चहा असतो आणि कुणी प्रेमाने हातात दिलेला कप परत करवत नाही. दिवसाला आठ-दहा कप सहज होतात. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश उतरायलाच सुमारे पाच तास जातात. संध्याकाळी सहाला घेतलेला कप रात्री अकराला अंगात निम्मा शिल्लक असतो, आणि उठायचं तर तीनला असतं. दुपारी तीननंतर चहा नको. कप हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि शेजारच्याला द्यावा, देणाऱ्याचं मन राखलं जातं. त्याऐवजी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडं थोडं प्यावं. चमचा चहाचा, मीठ अंदाजाने नको. पाणी कमी पडलं की डोकं चढतं, चिडचिड होते, आणि मग शेजारच्याचं घोरणंही मुद्दाम केल्यासारखं वाटायला लागतं.

शिवाय जागा रोज नवी. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं आहे. वारीत तर बहुतेक रात्री पहिल्याच.

उरलेला अर्धा भाग मनाचा. अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं होतं. करायला काही नाही, फक्त एक बटण; दाबलं की विजेचा हलका झटका बसणार. अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस स्त्रियांपैकी सहा जणींनी तो झटका स्वतःहून घेतला. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकामपण माणसाला इतकं नकोसं होतं. तंबूत झटक्याचं बटण नसतं, म्हणून मन स्वतःच काहीतरी घडवायला घेतं. एकाला दुसरं जोडतं. सकाळी कुणी काय म्हणालं, पाण्याच्या टँकरपाशी कोण उभा होता, आपली पिशवी हलवलेली का दिसते. असंबद्ध गोष्टींत अर्थ दिसू लागण्याच्या या अवस्थेला क्लाउस कॉनराड या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ साली नाव दिलं होतं. त्याने ते गंभीर आजाराच्या सुरुवातीबद्दल लिहिलं, पण त्याचा सौम्य अंश दमलेल्या, कमी झोपलेल्या कुठल्याही माणसात सापडतो.

आमच्या दिंडीत एक मुलगा होता, पहिलीच वारी. बरडहून नातेपुत्याकडे जाताना धर्मपुरीच्या अलीकडे विसावा झाला. ऊन होतं, पावसाचा पत्ता नव्हता, डांबर चपलेतून लागत होतं. डाव्या टाचेला मोठा फोड. पण तो टाचेकडे बघत नव्हता, मागे बघत होता. मला म्हणाला, "काका, तो लाल उपरणंवाला माणूस बघा. लोणंदला माझ्यामागे होता. फलटणला तंबूपाशी होता. आत्ताही आहे. माझ्या मोबाइलवर डोळा आहे त्याचा." दोन दिवसांपूर्वी त्याच्या फोनवर चोरांच्या टोळीचा एक निरोप फिरत आला होता. तो वाचल्यापासून त्याने पिशवी छातीशी धरली होती आणि दोन रात्री उशी करून झोपला होता. झोपला म्हणजे पडून राहिला होता.

मी समजावायला लागणार, तेवढ्यात शेजारच्या झाडाखालून एक आजी उठून आल्या. परभणीकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. हातात काशाची वाटी आणि तेलाची बाटली. काही न विचारता त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"पाय दे."

"आजी, नको. तुम्ही मोठ्या आहात, पायाला हात नका लावू."

"गप पड. त्याल सांडतंय."

फोडाचा पाय त्यांनी बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "ह्याचं तुमी बघा." उजवा पाय मांडीवर घेतला. तळव्यावर तेलाचे चार थेंब, मग वाटीची पालथी बाजू टाचेपासून बोटांकडे, गोल गोल. जोर अंगठ्याच्या मुळाशी जास्त, तळव्याच्या मधल्या खळग्यात कमी. थोड्या वेळाने तेल काळपट झालं. लोक म्हणतात अंगातली उष्णता निघाली. काशाचा धातू तेलात आणि घामात घासला गेला की काळपटपणा येतोच, पण तळव्याला आलेला थंडावा खरा असतो, तो मी स्वतः अनुभवलेला आहे. घासण्याची चाल एकसारखी होती. मागच्या दिंडीत गौळण चालू होती आणि आजींचा हात त्याच तालावर फिरत होता.

डाव्या पायाचं मी बघितलं. फोड दुखत नसेल तर फोडूच नये. हा ताणलेला होता, चालणं शक्य नव्हतं. आधी साबणाने हात आणि टाच धुतली. नवी सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन भोकं पाडली, स्वच्छ कापसाने दाबून पाणी काढलं. वरची कातडी काढायची नाही, तीच खरी पट्टी. मग मलम, जाळीदार कापड, चिकटपट्टी, आणि पट्टीला सुरकुती नको, नाहीतर संध्याकाळी तिच्याच कडेला दुसरा फोड येतो. पुष्कळ जण सुईतला दोरा फोडात तसाच ठेवतात, पाणी झिरपत राहावं म्हणून. त्या दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत जाते. तो ठेवू नये. मधुमेह असेल तर सुईला हातही न लावता दवाखान्याच्या गाडीकडे जावं.

पट्टी होईपर्यंत पोरगा झोपला होता. तोंड उघडं, पिशवी छातीवरून घसरून बाजूला. आजी तरीही वाटी फिरवत राहिल्या. मग उठल्या, त्याच्या पायाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि आपल्या झाडाखाली गेल्या. नाव विचारायचं राहिलं. मला भरून आलं होतं आणि त्याच क्षणी कुणाच्या तरी भोंग्यावर कर्कश जाहिरात सुरू झाली. त्या भोंगेवाल्यांचा राग अजून गेलेला नाही. विसाव्याच्या वेळेत तरी भोंगा बंद ठेवायला काय हरकत आहे?

लाल उपरण्याचं कारण साधं होतं. दिंड्यांना क्रमांक असतात, पालखीच्या रथापुढच्या आणि रथामागच्या. तो क्रम रोज तोच. त्यामुळे लाखोंच्या गर्दीतही मागेपुढे रोज तीच माणसं दिसतात, तळावर तंबू जवळ पडतात, टँकर एक, सकाळची रांग एक. तो गृहस्थ आमच्या मागच्या दिंडीतला टाळकरी होता. न भेटता तर नवल. योगायोग मोजताना माणूस जुळलेलं तेवढं मोजतो, न जुळलेली हजार तोंडं मोजत नाही. तेवीस माणसं एकत्र आली तरी कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. दोनशेच्या दिंडीत कुणाचं आजोळ कुणाच्या सासरच्या गावी निघणारच. मनात आलं आणि समोर ताक आलं, हे तर वाटेवर तासातासाला होतं. आम्ही त्याला माउलीची कृपा म्हणतो आणि मीही म्हणतो. ताक देणारा तिथे उभा आहे ही कृपाच आहे, त्यासाठी हिशेब खोटा करावा लागत नाही. पण कृपेची खूण शोधणारं तेच मन, झोप कमी पडली की कटाची खूण शोधतं. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी ३,७५५ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, निद्रानाशावर उपचार केले की संशयाचे विचारही कमी होतात हे दाखवलं, २०१७ साली. म्हणून संशय घेणाऱ्याशी वाद घालू नये. त्याला झोपवावं.

तासभर विसावा असेल तर पहिली दहा मिनिटं वस्तूंची. चपला एकमेकींना बांधून पिशवीत, पिशवीचा पट्टा दंडात अडकवलेला, पैसे आतल्या खिशात. एकदा हे झालं की पुन्हा चाचपायचं नाही. दर वेळी चाचपलं की मनाला पहारा चालू ठेवायचा हुकूम मिळतो. फोन बंद. पडल्या पडल्या फोन बघितला तर कंटाळा जातो, पण विश्रांती सुरूच होत नाही, आणि तासाने उठताना डोळे जास्त जड असतात. पाय बोचक्यावर, छातीपेक्षा थोडे उंच.

मग स्नायू सैल करायचे. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची पद्धत शंभर वर्षांच्या आसपास जुनी आहे: एक भाग पाच-सात सेकंद आवळायचा, वीस-तीस सेकंद सोडायचा. मुठी, खांदे, कपाळ, जबडा. वारीत पोटऱ्या आणि पावलं वगळावीत. दमलेली पोटरी आवळली की गोळा येतो. आलाच तर बोटं नडगीकडे ओढून धरावीत.

काही जणांना डोळे मिटून शांत पडलं की उलट धडधडतं. आराम करायला गेल्यावर अस्वस्थता वाढते, हे १९८३ पासून नोंदलेलं आहे. अशांना "मन रिकामं करा" सांगणं चूक. त्यांनी डोळे अर्धे उघडे ठेवावेत, लांबच्या दिंडीचा टाळ ऐकावा आणि प्रत्येक श्वास सोडताना मनात एकदा नाम घ्यावं. विचार आला तर येऊ द्यावा, पुढच्या श्वासाला परत नाम. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली आरामाची जी रीत मांडली तिच्यातही हेच दोन भाग आहेत, एका शब्दाची पुनरावृत्ती आणि आलेल्या विचाराशी न भांडणं. मन अर्धं गुंतलेलं हवं. पूर्ण गुंतलं तर थकतं, पूर्ण सुटलं तर भटकतं. वाटेवर म्हणायच्या भजनांच्या मालिकेत हे आधीपासून आहे: काकडा, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, मग संध्याकाळचा हरिपाठ. चाल ओळखीची, शब्द पाठ, तरी टाळ चुकू नये एवढं लक्ष लागतंच. कंटाळलेल्याच्या हातात टाळ द्यावा. आम्ही त्या मुलाला दिला, आणि वेळापूरच्या धाव्यापर्यंत, जिथे सगळे वारकरी धावत उतार उतरतात, त्याने मागे वळून पाहणं बरंच कमी केलं. पिशवी मात्र शेवटपर्यंत दंडातच.

वस्तू हरवलीच तर समाज आरती आहे. तळावर सगळ्या दिंड्या जमतात, चोपदार दंड उंच करतो आणि एवढा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार आहे तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. हरवल्या-सापडल्याची घोषणा तिथेच होते. नव्या माणसाला पहिल्या संध्याकाळीच तिथे उभं करावं. गेलेल्या वस्तूंना परत यायला जागा आहे हे डोळ्यांनी दिसलं की रात्रीचा पहारा ढिला पडतो.

भंडीशेगाव, वाखरी. दशमीच्या रात्री पंढरपुरात झोपेचा हट्ट धरू नये, दोन तास आडवं पडायला मिळालं तरी पुरे. दर्शनबारीत उभं राहायचं असेल तर कंटाळ्याचे तास तिथे सगळ्यात लांब, आणि कोण मध्ये घुसला हा संशय सगळ्यात तीव्र. गुडघे ताठ करून उभं राहू नका, चक्कर येते. टाचा उचलून खाली टेकवा, दर चार-पाच मिनिटांनी दहा वेळा. साखरमिठाचं पाणी बरोबर घ्या. पुढच्याच्या पाठीकडे बघत बसण्यापेक्षा हरिपाठ म्हणायला घ्या, मोठ्याने, शेजारचे धरतात.