रिकाम्या जागेला वळसा

वसुबारसेच्या आदल्या दिवशी काका-काकू बंड्याला घेऊन दवाखान्यात आले. बंड्या सात वर्षांचा लॅब्राडोर. नाकाडावर खरचटलेलं, पुढचा एक पाय सुजलेला. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याजवळच्या गावात त्यांचं बैठं घर.

"मॅडम, चार दिवसांत आंधळा झाला ओ. दिवाळीचा रंग दिला घराला, त्या वासानं झालं असंल का?"

चार दिवसांत म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. अशी अचानक नजर जाते तेव्हा डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो, आणि त्यात तर तासातासाला महत्त्व असतं. गोचीड तापानेही डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो. मधुमेह असेल तर मोतीबिंदू झपाट्याने पिकतो. रक्त घेतलं, दाब मोजला. सगळं ठीक निघालं. मग त्याच्या डोळ्यासमोरून कापसाचा बोळा खाली सोडला. कापूसच घेतला, कारण त्याचा आवाज होत नाही. बंड्याची मान हललीसुद्धा नाही. खोलीत अंधार करून बॅटरी मारली, तर बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच राहिल्या, हळूहळू जराशा आकसल्या, आणि आतून हिरवट-पिवळी चमक नको इतकी परत आली. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या.

हे चार दिवसांचं नव्हतंच. पडदा हळूहळू झिजत जाण्याचा हा आजार, इंग्रजीत पीआरए म्हणतात. शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेजात असताना आम्ही तो चित्रांतून शिकलो होतो. यात आधी रात्रीची नजर जाते, मग दिवसाची. औषध नाही. पण दुखतही नाही, हे मी काकूंना दोनदा सांगितलं. "आमच्या हातून काय चुकलं का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सांगितलं की हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लाला होतो, तो जन्मतःच त्याच्यात होता. याची पिल्लं मात्र काढू नका.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गेल्या पावसाळ्यापासून रात्री अंगणात उतरायचा न्हाई. उंबऱ्यात उभा राहायचा. मला वाटलं आळशी झाला. एकदा चप्पल मारली मी त्याला." पुढे त्यांना बोलवेना. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "सुई देऊन सोडवायचं का त्याला?"

मी म्हटलं, उद्या संध्याकाळी मी घरी येते, मग बोलू.

वसुबारस असल्यामुळे दारात गाय-वासराची रांगोळी होती. हॉलला नवा रंग, आणि रंगकामासाठी हलवलेला सोफा आता खिडकीखाली लावलेला. बंड्याचं अन्नपाणी काकूंनी त्याच्या गोधडीशीच आणून ठेवलं होतं. तो तिथून उठतच नव्हता. मी भांडं उचलून स्वयंपाकघरात त्याच्या जुन्या कोपऱ्यात ठेवलं आणि चमच्याने वाजवलं. बंड्या उठला. मान खाली घालून, पाय सावकाश टाकत निघाला. हॉलच्या मधोमध आला आणि अचानक डावीकडे वळला, चार पावलं गेला, पुन्हा उजवीकडे वळून सरळ झाला. जिथे त्याने वळसा घेतला तिथे काहीही नव्हतं, नुसती फरशी.

"अगं, सोफा!" काका ओरडले. "जुना सोफा तिथं होता!"

आम्ही तिघंही त्या फरशीकडे बघत राहिलो. नजर केव्हाच गेली होती, पण घराचा नकाशा त्याला पाठ होता. सोफ्याचा कोपरा, कपाटाची बाजू, दाराची चौकट, सगळं. म्हणून वर्षभर कुणाला कळलं नाही. रंगाच्या दिवशी सामान हललं आणि एका दिवसात तो नकाशा खोटा ठरला. मला त्याला शिकवण्यासारखं फार काही नव्हतंच. शिकायचं होतं ते घरातल्या माणसांनी.

काका आणि मी मिळून सोफा जागेवर आणला. ओट्याच्या दोन पायऱ्यांच्या वर-खाली गोणपाट अंथरलं, म्हणजे पायाला बदल लागला की बंड्याला कळेल, पुढे उतार आहे. काकांनी प्रत्येक वेळी थांबून "पायरी" म्हणायचं, शब्द बदलायचा नाही. काकूंनी आपणहून विचारलं, "केकात घालते ते व्हॅनिला दाराला लावू का, त्याच्या नाकाच्या उंचीला?" मी म्हटलं, एकच थेंब, आणि फक्त मागच्या दाराला. सगळीकडे वास केला तर त्याला काय कळणार? नातवाला सांगितलं, आधी हाक मार, मगच हात लाव. झोपेत कुणी अचानक धरलं तर गरीब कुत्रंसुद्धा दचकून चावतं. फिरायला जाताना गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, आणि काका नेहमी एकाच बाजूला. विहिरीच्या कठड्याला एक फट होती, ती त्याच रात्री बुजवायला सांगितली.

फटाक्यांची काळजी मला जास्त होती. डोळे गेलेल्या कुत्र्याला आवाज कुठून आला हे बघून घेता येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री काकू त्याला घेऊन आतल्या खोलीत बसल्या, खिडक्या बंद, पंखा आणि रेडिओ मोठ्याने लावलेला. तरी थरथरत होताच, असं दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. दोनदा धडकला, एक दिवस जेवला नाही. काका रोज फोन करायचे. तुळशीच्या लग्नापर्यंत तो अंगणात एकटा उतरायला लागला होता. गोणपाटावर पाय पडला की क्षणभर थांबायचा, एक पंजा हवेत धरून पायरीची कड चाचपायचा, मग उतरायचा. "पायरी" म्हणायच्या आधीच.

सुईचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही. परवा त्यांचा फोन आला. जुन्या सोफ्याची स्प्रिंग तुटली होती, ते सुताराकडे उभे होते. "मॅडम, लांबी-रुंदी टेपनं मोजून आणलीय. तेवढ्याच मापाचा करून घेतो. उंची दोन बोटं वाढली तर चालंल ना त्याला?"

चालेल, म्हटलं.